‘निष्काळजीपणा’ छापण्याआधी एवढं विचारा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आतल्या पानावर चार ओळींची एक बातमी होती. यंत्रात हात अडकून एका कामगाराची बोटं तुटली. शेवटचं वाक्य असं: ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे ही दुर्घटना घडल्याचे प्राथमिक चौकशीत समोर आले आहे.’ बातमी देणाऱ्यावर माझा राग नाही, त्याला जे सांगितलं ते त्याने लिहिलं. पण ते वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. जवळजवळ त्याच शब्दांत एकदा मी ते स्वतः लिहिलंय आणि खाली सही ठोकलीय. म्हणून हे पत्र. लांबणार आहे. कापावंच लागलं तर मधलं कापा, पण पत्रा दाबायच्या प्रेस मशीनचा भाग राहू द्या.

मी ३१ वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली. पहिली २० हेल्पर, ऑपरेटर, सेटर (मशीनवर डाय बसवणारा) अशी आणि उरलेली ११ शिफ्ट सुपरवायझर म्हणून. माझी स्वतःची दहा बोटं शाबूत आहेत. त्यात माझ्या हुशारीचा वाटा किती आणि नशिबाचा किती, हे मी कधी कुणाला छातीठोकपणे सांगितलेलं नाही.

पॉवर प्रेस ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वर एक जड स्लाइड असते, तिला पंच लावलेला. खाली टेबलावर डाय, म्हणजे साचा. दोहोंच्या मध्ये पत्र्याचा तुकडा ठेवायचा, त्याला आम्ही ब्लँक म्हणतो. बाजूला फ्लायव्हील सतत फिरत असतं. बटण दाबलं की क्लच त्याला पकडतो, स्लाइड खाली येते, पत्र्याला आकार देते आणि वर जाते. हे सगळं एका सेकंदाच्या आसपास. ८० टनी प्रेसला पत्रा कुठला आणि बोट कुठलं ते कळत नाही. आवाजही तोच येतो.

म्हणून बटणं दोन असतात. दोन हातांना दोन, आणि एका हाताने दोन्ही दाबता येऊ नयेत इतकी लांब. दोन्ही हात बटणांवर, म्हणजे दोन्ही हात डायच्या बाहेर. बटणं डायपासून किती दूर असावीत याचाही हिशेब आहे. माणसाचा हात सेकंदाला १.६ मीटर जातो असं धरतात. मशीन थांबायला ०.२ सेकंद लागत असतील तर तेवढ्यात हात ३२ सेंटिमीटर पुढे पोचतो, म्हणून बटणं त्याहून लांब हवीत. आता ब्रेकची लायनिंग झिजली आणि थांबायला ०.३ सेकंद लागू लागले, की तेच अंतर ४८ सेंटिमीटरवर जातं. बटणं मात्र बसवली होती तिथेच असतात. ब्रेक तपासायचं काम ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून ढकलतात तेव्हा नेमकं काय ढकललं जातं, ते यावरून समजावं.

आमच्या एका प्रेसच्या डाव्या बटणात लाकडी पाचर असायची. पॅकिंगच्या पेटीच्या फळीची, अंगठ्याएवढी, एका टोकाला चपटी तासलेली. त्या ऑपरेटरने ती स्वतः बनवली होती. बटण आत दाबून कडेच्या रिंगमध्ये पाचर खोचली की ते दाबलेलंच राहायचं. मग उजव्या हाताने उजवं बटण मारायचं आणि डावा हात मोकळा, ब्लँक ठेवायला आणि पीस काढायला. मिनिटाला ९ निघायचे तिथे १२ निघायचे. जुन्या सर्किटला टायमर नव्हता, त्यामुळे डावं बटण आत्ता दाबलंय की काल रात्रीपासून दाबलेलं आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

ती पाचर मला माहीत होती. हे आज लिहितोय, तेव्हाच्या चौकशीत लिहिलं नाही. फेरी मारताना त्या मशीनपाशी येण्याआधी मी जरा खोकायचो. मी पोचेपर्यंत पाचर खिशात गेलेली असायची. पुढे गेलो की पुन्हा बटणात. कुणी कुणाशी एक शब्द न बोलता आमचं हे ठरून गेलं होतं. त्याला इन्सेंटिव्ह हवा होता, मला शिफ्टचा आकडा हवा होता, आणि माझ्या वरच्या साहेबांना माझा आकडा हवा होता. नियमांचं पुस्तक माझ्या टेबलाच्या काचेखालीच होतं.

रात्रपाळी होती. पहाटे चारची वेळ. दहापासून त्याने चार हजारांच्या आसपास स्ट्रोक मारले होते, त्यामुळे उजवा हात आता त्याला विचारून बटण दाबत नव्हता. एक पीस डायमध्ये अडकला. डावा हात तो काढायला आत गेला आणि उजव्याने आपलं रोजचं काम केलं.

मी धावत गेलो तेव्हा तो उभाच होता, डावा हात छातीशी धरून. मला पाहून पहिलं वाक्य काय बोलला असेल? ‘साहेब, पाचर काढलीय.’ दोन बोटं डायमध्ये होती आणि हा माणूस मला चौकशीतून वाचवत होता. की स्वतःला, की दोघांनाही, कोण जाणे.

जाता जाता एक सांगतो, कुणाच्या तरी कामी येईल. तुटलेली बोटं आम्ही थेट बर्फात टाकून नेली. ते चुकीचं आहे, बर्फ लागून मांस करपतं. तुटलेला भाग स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळायचा, तो कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचा आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. आमच्या प्रथमोपचाराच्या पेटीत पट्ट्या होत्या, मलम होतं, ही एवढी माहिती मात्र नव्हती.

चौकशीच्या फॉर्मवर मी लिहिलं: ‘कारण: ऑपरेटरने सुरक्षा यंत्रणा निकामी केली. निष्काळजीपणा. उपाय: संबंधितास समज देण्यात आली.’ दोन बोटं गेलेल्या माणसाला आणखी कसली समज द्यायची, हे फॉर्म विचारत नव्हता. फाइल एका आठवड्यात बंद झाली.

त्या फॉर्मवर जे आलं नाही ते आता लिहितो.

पीस अडकला कशाने? डायमधून पीस वर ढकलणारी नॉकआउटची स्प्रिंग थकली होती. सेटरने तीनदा सांगितलं होतं. डाय उतरवून स्प्रिंग बदलायची म्हणजे दोन तास मशीन बंद. माल निघायचा होता, म्हणून तिन्ही वेळा ‘नंतर’ म्हणणारा मीच.

हात आत कशाला घातला? पीस काढायचा चिमटा होता की. सहा मशीनमध्ये एक. त्या रात्री तो पलीकडच्या मशीनवर होता.

आणि पाचर? ती टार्गेटसाठी. मग ते टार्गेट कुठून आलं? हे मला पुढे दोन वर्षांनी कळलं, तेही सहज बोलता बोलता. वेळेचा अभ्यास करायला ऑफिसातून जो घड्याळ घेऊन आला होता, त्याने त्या मशीनचे १०० पीस मोजले होते ते पाचर लावलेली असताना. त्याला बिचाऱ्याला पाचर दिसली नाही, आणि दाखवायला कुणी गेलं नाही. म्हणजे आमचं टार्गेटच मुळी पाचरीसकट मंजूर झालं होतं. सरळ दोन हातांनी काम करणाऱ्याला ते कधीच गाठता येणार नव्हतं. नियम पाळणारा रोज कामचुकार ठरणार आणि मोडणारा शाबासकी घेणार. असं असल्यावर सुरक्षित वागण्यावर कितीही व्याख्यानं द्या.

व्याख्यानांवरून आठवलं. अपघातानंतर आमच्यासाठी एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. पाहुण्यांनी पडद्यावर आकडा दाखवला: ८८ टक्के अपघात माणसाच्या चुकीच्या कृतीमुळे, १० टक्के धोकादायक परिस्थितीमुळे आणि २ टक्के टाळता न येणारे. हा आकडा अमेरिकेतल्या हर्बर्ट हाइनरिक यांचा. ते एका विमा कंपनीत होते आणि त्यांचं पुस्तक १९३१ सालचं. एका गंभीर इजेमागे २९ किरकोळ इजा आणि काहीच इजा न झालेले ३०० प्रसंग, हा त्रिकोणही त्यांचाच. तो आजही कित्येक कारखान्यांच्या भिंतीवर असतो. मला त्या दिवशी तो आकडा फार आवडला होता. ८८ टक्क्यांत माझी सुटका होती. पुढे समजलं की हाइनरिक यांनी तो काढला विम्याच्या दाव्यांवरून आणि कारखानदारांच्या अपघात नोंदींवरून. त्या नोंदी कोण लिहीत असणार? माझ्यासारखा एखादा सुपरवायझर, डोळ्यांवर झोप, वर साहेब, समोर फॉर्म. मी लिहिलेला कागदही कुणाच्या तरी टक्केवारीत ‘चुकीची कृती’ म्हणूनच गेला असेल. त्रिकोणातली ३०० ची गोष्ट मात्र मला पटते, आकडा नेमका असो नसो. त्या मशीनवर पीस अडकणं त्या रात्री पहिल्यांदा झालं नव्हतं. आधी कितीदा तरी हात आत जाऊन सुखरूप बाहेर आला होता. ते आम्ही कुठे लिहिलं नाही. रक्त आलं नाही ना, मग अपघात कसला!

नंतर काय बदललं ते सांगतो, कारण ते करायला फार अक्कल लागली नाही. बटणांना नवा रिले बसला. दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली तरच स्ट्रोक, आणि दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा स्ट्रोक नाही. पाचरीला कामच उरलं नाही. स्प्रिंग बदलली. पीस उडवायला हवेचा फवारा लावला, म्हणजे हात आत घालायची गरजच संपली. प्रत्येक मशीनला ॲल्युमिनियमचा चिमटा दिला. ॲल्युमिनियमचा अशासाठी, की चुकून डायखाली सापडला तर चिमटा चेपतो, डाय फुटत नाही. डाय फुटायच्या भीतीनेच लोक पूर्वी लोखंडी चिमटा बाजूला ठेवून बोटं वापरायचे, हेही तेव्हाच कळलं. या सगळ्यानंतर मशीन दोन्ही हातांनी मिनिटाला ११ पीस देऊ लागलं. १२ आणि ११. मधला जो एक, त्याच्यासाठी दोन बोटं. आणि हे सगळं होऊनसुद्धा जुन्या की-क्लचच्या दोन मशीनवर उगाच प्रकाशकिरणांचा पडदा बसवला गेला, मध्ये हात आला की मशीन थांबवणारा. त्या क्लचचा स्ट्रोक एकदा सुटला की अर्ध्यात थांबतच नाही, मग किरण तुटून उपयोग काय? तिथे समोर हात जाणार नाही असा पक्का जाळीचा गार्डच हवा. विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि घेणाऱ्याने ऑपरेटरला विचारलं नाही.

सुरक्षा सप्ताहाचं आमच्याकडे मोठं प्रस्थ. घोषवाक्यांची स्पर्धा, बिल्ले, शपथ. पोस्टरवर हसऱ्या चेहऱ्याचा कामगार, डोक्यावर पिवळं हेल्मेट. प्रेस शॉपमध्ये वरून काही पडत नाही हो. आमचा धोका बोटांना, आणि दुसरा कानांना. रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वर राहिलं तर कान हळूहळू जातो, आणि आमच्या शॉपमध्ये शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागायचं. माझा डावा कान आज निम्माच चालतो. पण कानातल्या बोळ्यांचा फोटो चांगला येत नाही, हेल्मेटचा येतो. हातमोज्यांचंही तसंच. पत्रा उचलायला मोजे हवेतच, पण ड्रिल मशीन किंवा लेथवर तेच मोजे घातले तर फिरतं ड्रिल मोज्याचा धागा पकडतं आणि मोज्याबरोबर हात ओढतं. ‘सर्वांनी हातमोजे वापरावेत’ अशी सरसकट पाटी मी स्वतः ड्रिलच्या डोक्यावरून काढायला लावली. अंगावर घालायच्या वस्तू ही शेवटची फळी आहे. आधी धोकाच काढता येतो का ते पाहायचं, नाही तर माणूस आणि धोका यांच्यात लोखंड उभं करायचं, आणि मग उरलेल्याला मोजे-गॉगल. आपल्याकडे सुरुवातच मोज्यांपासून होते, कारण ते साठ्यात असतात.

गेटवरचा तो बोर्डही आपण पाहिला असेल. ‘अपघाताविना दिवस’. आमच्याकडे तो २०० वर गेला की सगळ्यांना बक्षीस. १९६ व्या दिवशी एका पोराच्या तळहाताला पत्र्याने खोल कापलं. टाके पडले. तो चार दिवस स्टोअरमध्ये पट्टी बांधून बसून राहिला, हजेरी पूर्ण. बोर्ड २०० झाला, बक्षीस वाटलं, त्यालाही मिळालं. ते पाहून बाकीचे काय शिकले असतील?

आता कुलपाबद्दल. हे कापू नका.

आमचे एक जुने मेंटेनन्सचे मिस्त्री होते. कुठल्याही मशीनमध्ये डोकं घालायच्या आधी ते पॅनेलमधले फ्यूज काढायचे आणि शर्टाच्या खिशात ठेवायचे. लोक हसायचे. एकदा पाळी बदलताना ते कन्व्हेअरच्या आत रोलरपाशी झोपून काम करत होते. नवीन पाळीच्या माणसाला पट्टा बंद दिसला. त्याने इकडे तिकडे पाहिलं, कुणी दिसलं नाही, आणि स्टार्ट दाबलं. दोनदा दाबलं. पट्टा हलला नाही, कारण तीन फ्यूज मिस्त्रींच्या खिशात होते. शिव्या घालत ते बाहेर आले, तेव्हा त्या पोराचा चेहरा पांढराफटक पडला होता. पुढे आमच्याकडे लॉकआउट आलं: मेन स्विच बंद करून त्यावर आपलं कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात. तीन माणसं आत असतील तर तीन कुलपं. शेवटचं निघाल्याशिवाय वीज नाही. मिस्त्री म्हणाले, ‘म्हणजे माझेच फ्यूज, फक्त पितळेचे.’

पण नुसती वीज तोडून भागत नाही. मेन स्विच पाडल्यावरही फ्लायव्हील काही मिनिटं फिरत राहतं, हायड्रॉलिकच्या नळीत दाब कोंडलेला राहतो, वर थांबलेली स्लाइड ब्रेक सुटला तर खाली येते. म्हणून स्लाइडखाली ठोकळा लावायचा, दाब सोडायचा आणि मग बटण दाबून खात्री करायची की खरंच काही हलत नाही. लोक नेमकी ही शेवटची पायरी गाळतात.

पाळी बदलताना निरोप पोचला नाही तर काय होतं, याचं सगळ्यात भयंकर उदाहरण पायपर अल्फाचं. उत्तर समुद्रात तेल आणि वायू काढायला उभारलेला फलाट. ६ जुलै १९८८ ला दिवसपाळीत एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला आणि त्या जागी नुसती चकती बसवली. पंपाच्या कामाचा परमिट, म्हणजे परवानगीचा कागद, वेगळा, व्हॉल्व्हचा वेगळा. रात्री दुसरा पंप बंद पडला. रात्रपाळीला पंपाचा कागद मिळाला, व्हॉल्व्हचा मिळाला नाही. त्यांनी पहिला पंप चालू केला. वायू सुटला, स्फोट झाला. १६७ माणसं गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशीने १९९० साली १०६ शिफारशी केल्या. ‘रात्रपाळीचा निष्काळजीपणा’ लिहून तीही फाइल आठवड्यात बंद करता आली असती.

आपल्या बातम्यांशी संबंध येतो असा आणखी एक प्रकार आहे. टाकीत उतरलेला कामगार बेशुद्ध, त्याला वाचवायला दुसरा उतरला, मग तिसरा. कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या निऑश या संस्थेने १९८६ साली सांगितलं होतं की अशा बंदिस्त जागेतल्या मृतांमध्ये ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले असतात. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला की जागा धोक्याची, आणि फारच कमी असला तर माणूस एक-दोन श्वासांत कोसळतो, ओरडायलाही वेळ मिळत नाही. वास येत नाही, रंग दिसत नाही. वर उभ्या असलेल्याला वाटतं, हा पाय घसरून पडला. आपण अशा बातमीत दुसऱ्या-तिसऱ्याच्या धाडसाचं कौतुक करता. माणूस धाडसीच असतो. पण उतरण्याआधी मीटरने हवा तपासली होती का, उतरलेल्याच्या कमरेला वरून ओढता येईल असा दोर होता का, हे दोन प्रश्न बातमीत आले तर पुढच्या टाकीवरचा माणूस उडी टाकण्याआधी थबकेल.

कामगाराच्या वागण्याचा काही संबंध नाही, असं मला म्हणायचं नाही. मी ३१ वर्षांत बेफिकीर माणसंही पाहिलीत. कॉम्प्रेसरच्या हवेने एकमेकांचे कपडे झाडणारे, चालत्या ग्राइंडरसमोर गॉगल कपाळावर चढवून उभे राहणारे. पण वागणं बदलायचं तर ओरडून बदलत नाही, हे मी उशिरा शिकलो. अपघातानंतर मी एकच सवय लावून घेतली. कुणी आडमार्गाने काही करताना दिसला की ‘काय करतोस?’ असं न दरडावता ‘असं का करावं लागतंय?’ असं विचारायचं. दहातले आठ जण खरं कारण सांगायचे. गार्ड बंद असला तर जॉब दिसत नाही. स्विच वाकून दाबावा लागतो, पाठ धरते. गॉगलवर वाफ धरते. आठपैकी पाच कारणं त्याच पाळीत मिटायची. उरलेल्या दोन माणसांवर मग ओरडायलाही जोर यायचा.

जपानी रेल्वेतली एक रीतही आम्ही उचलली. सिग्नलकडे, मीटरकडे बोट दाखवायचं आणि जे दिसतंय ते मोठ्याने म्हणायचं. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ साली प्रयोग केला होता. नुसतं काम करताना १०० कृतींमागे चुका २.३८, बोट दाखवून म्हणताना ०.३८. आमची पोरं पहिला आठवडा हसून लोळली. मग डाय बसवताना ‘मेन बंद! ठोकळा आत! हात बाहेर!’ असं ओरडायची चढाओढच लागली. दर स्ट्रोकला नाही हं, तसं केलं तर दोन दिवसांत ते तोंडपाठ होऊन निरर्थक होतं. फक्त डाय बदलताना आणि मशीन पुन्हा सुरू करताना.

सगळ्यात जड गेलं ते मशीन थांबवणाऱ्याला शाबासकी देणं. एका नव्या पोराने, कामावर येऊन जेमतेम तीन आठवडे झालेले, ब्रेकचा आवाज वेगळा येतोय म्हणून स्वतःहून मशीन बंद केलं. दीड तास गेला. ब्रेकला काहीही झालेलं नव्हतं. सगळं शॉप माझ्याकडे बघत होतं. माझ्या तोंडात शिवी आली होती, ती गिळून मी चार लोकांसमोर त्याला म्हटलं, ‘बरं केलंस.’ तेवढ्या दोन शब्दांचा उपयोग सगळ्या पोस्टरपेक्षा जास्त झाला. पुढच्या महिन्यात तिघांनी मशीन थांबवलं, आणि त्यातल्या एकाचा स्लाइडचा बोल्ट खरोखर तडकलेला निघाला.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ या एका वर्षात जगभरात कामावरच्या अपघातांनी ३ लाख ३० हजार माणसं गेली, आणि जीव न जाता जखमी झालेले ३९ कोटी ५० लाख. यातल्या किती जणांच्या कागदावर माझं ते वाक्य असेल, देव जाणे.

आपल्याकडे एकच मागणं. पुढच्या वेळी अशी बातमी आली की वार्ताहराला पोलिसांना आणि मालकांना भेटल्यावर आणखी थोडं विचारायला सांगा. मशीनला गार्ड होता का, आणि तो त्या दिवशी जागेवर होता का? त्या माणसाला पाळीत किती नग काढायचे होते, आणि ते गार्ड लावून निघतात का? कितवा तास चालू होता? त्या मशीनवर तो किती दिवस काम करत होता, आणि शिकवलं कुणी, की वाचता न येणाऱ्या भाषेतल्या कागदावर पहिल्या दिवशी नुसती सही घेतली? असं आधी कधी थोडक्यात हुकलं होतं का? हे शेवटचं साहेबांना विचारू नका, शेजारच्या मशीनवाल्याला विचारा, आणि गेटच्या बाहेर. उत्तरं मिळाली नाहीत तर ‘उत्तर मिळाले नाही’ असं छापा. निष्काळजीपणा मात्र छापू नका. निदान तो कुणाचा, हे कळेपर्यंत तरी.

आपला,
एक निवृत्त शिफ्ट सुपरवायझर

ता. क. पत्र पाठवण्याआधी त्या ऑपरेटरला वाचून दाखवलं. तो आता दुसरीकडे स्टोअर सांभाळतो. सगळं ऐकून घेतलं आणि एकच दुरुस्ती सांगितली: पाचर त्याने बनवलेली नव्हती. तो त्या मशीनवर आला त्या दिवशीच आधीच्या ऑपरेटरने स्पॅनर आणि तेलाच्या डबीबरोबर ती त्याच्या हातात दिली होती. म्हणाला, ‘मला वाटलं, मशीनबरोबरचीच आहे.’ १४ वर्षं मी हे त्याला कधी विचारलं नव्हतं. वरचं वाक्य मुद्दाम तसंच ठेवलं आहे.